मे महिन्यातली बाग

(पत्राचा सारांश : औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी लिहिलंय. वय ६१. पुण्यातली बँकेची नोकरी संपल्यावर दोघं नवरा-बायको दोन वर्षांपूर्वी गावी, मळ्यात घर बांधून राहायला आले. घराभोवतीची वीस गुंठे जागा बागेसाठी सोडलीय. गेल्या जुलैत पुण्याकडून टेम्पो भरून १८० रोपं आणली : अनंत, एक्झोरा, गुलाब, जास्वंद, क्रोटन, आणखी बरीच नाव न ठाऊक असलेली. दिवाळीला पाहुण्यांनी बागेसोबत फोटो काढले. आता एप्रिल संपत आलाय आणि चाळीसेक रोपं उरलीत. एक कंत्राटदार म्हणतो, तांबडी माती टाका, पाच गुंठे लॉन करा, कडेनं कोनोकार्पसची भिंत उभी करा. शेती बघणारे धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, पिकाला पाणी पुरंना अन् तुम्ही फुलं लावायलाव!" सासूबाईंना रातराणी नको, कारण साप येतात. नातवंडं सुट्टीत येतात, गोठ्यात दोन गायी आहेत. ताईंचा प्रश्न : आमच्या मातीत बारमाही फुलणारी आणि वर्षानुवर्षं टिकणारी झुडपं, फुलझाडं कोणती? यादी हवी.)

ताई,

नावं सांगते, पण त्याआधी एक काम करा. मेलेल्यांपैकी एखादा अनंत कुदळीनं हळूच उकरून काढा. माझा अंदाज असा, की तो पिशवीच्या आकारातच बाहेर येईल. तांबड्या मातीचा विटेसारखा घट्ट गोळा, मुळं आतल्या आत गोल गोल फिरलेली आणि गोळ्याच्या भोवताली बोट जाईल एवढी फट. वर्षभरात एकही मूळ तुमच्या काळ्या मातीत शिरलेलं नसेल.

रोपवाटिकेवाले पिशव्या तांबड्या मातीनं भरतात. तुमची माती काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मार्चपासून ती गोळ्यापासून सुटायला लागते. तुम्ही पाइप धरून ओतलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं आणि गोळा कोरडाच राहतो. पावसाळ्यात नेमकं उलटं. काळ्या रानात खणलेला खड्डा म्हणजे हौद. आत आलेलं पाणी आठ-आठ दिवस हलत नाही, मुळं कुजतात. म्हणजे रोप ऑगस्टात बुडालं, एप्रिलात तहानलं, आणि मधल्या दिवाळीत तेवढं फोटोपुरतं हसलं. पाणी घालायला तुम्ही कमी पडला नाहीत. पत्रात तुम्ही स्वतःला बराच दोष दिलाय, तो काढून टाका.

अनंत आणि एक्झोरा यांचं दुखणं मात्र वेगळं. त्यांना आंबट माती लागते. औसा-लातूर भागात शेतात पांढरे खडे दिसतात ना, चुनखडीचे? अशा जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला, तर तेच समजायचं. फेरस सल्फेट फवारून महिनाभर बरं दिसतं, मग परत येरे माझ्या मागल्या. ही दोन झाडं फारच आवडत असतील तर मोठ्या कुंडीत, ओसरीच्या सावलीत ठेवा. जमिनीत नको.

आता त्या तांबड्या मातीचा हिशेब. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. वीस गुंठ्यांवर एक फुटाचा थर द्यायचा तर २१८ ब्रास माती लागेल (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ती कुणाच्या तरी रानाची साल काढूनच येणार. आणि तिच्याखाली तुमची काळी माती फुगायची-आकसायची थांबणार नाही. ती बदलू नका. ज्या मातीवर तुमचे दीर तूर-सोयाबीन काढतात, ती झुडपांना वाईट कशी असेल? एकदा तपासून मात्र घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती द्या आणि सोबत बोअरच्या पाण्याची बाटलीही न्या. सामू (म्हणजे पीएच), क्षार आणि मुक्त चुना, एवढं बघायला सांगा.

दुसरी गोष्ट, 'बारमाही' हा शब्द. रोपवाटिकेत तो दोन अर्थांनी वापरतात आणि गिऱ्हाइकाची गल्लत होते. झाड बारा महिने जगतं, हा एक अर्थ. बारा महिने फुलतं, हा दुसरा. तुम्हाला दुसरा हवा होता, पदरात पहिला पडला, तोही अर्धवट. तुम्ही ज्या परदेशी बागांचे व्हिडिओ बघता असं लिहिलंय, तिथली बहुवर्षायू झाडं थंडीत जमिनीखाली झोपतात आणि वसंतात उठतात. आपल्याकडं झोपायचा काळ चैत्र-वैशाख. गुलबक्षीचं खोड वाळून जातं, गाठ खाली जिवंत असते, मृगाचा पाऊस लागला की आपोआप वर. पावसाळी लिलीचे कांदे तसेच. मे महिन्यात ती जागा उघडी दिसते म्हणून लोक घाईनं उकरून तिथं दुसरं काही लावतात. मीही एकदा लिलीच्या वाफ्यात कुदळ घातली होती. निम्मे कांदे चिरले तेव्हा कळलं. झोपलेल्या वाफ्याला एक दगडाची ओळ लावून ठेवा, म्हणजे लक्षात राहतं.

दिरांचं म्हणणं तुम्ही पत्रात तक्रारीसारखं मांडलंय. मला ते तसं वाटत नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या वेळी तुम्ही पुण्यात होतात, ते गावात होते. ज्यानं तो उन्हाळा काढलाय त्याला फुलाला लावलेला पाइप डोळ्यांत खुपणारच. तेव्हा भांडू नका, त्यांच्यासमोर आकडे ठेवा.

२०० लिटरचं टिपाड बोअरखाली लावा आणि किती मिनिटांत भरतं ते घड्याळात बघा. हे पावसाळ्यात करू नका, आत्ता, एप्रिल-मेमध्येच करा. पिकं, गायी, घर यांचं वजा जाता उरतं ते बागेचं पाणी. पाच गुंठे लॉन म्हणजे पाचशे चौरस मीटर. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले तरी अडीच हजार लिटर झाले, रोज. याउलट साठ झुडपांना ठिबकनं आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर दिले तर दिवसाला पावणेदोनशे लिटरही होत नाहीत. एक टिपाडसुद्धा नाही. हे गणित दिरांना कागदावर दाखवा. आणखी एक : हजार चौरस फुटांच्या छतावर सातशे मिलिमीटर पावसात पासष्ट हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. ते पन्हळीनं गाळणखड्ड्यात घेऊन बोअरच्या पुनर्भरणाला सोडलंत, तर तुम्ही घेताय त्याहून जास्त परत देताय, हे त्यांनाही पटेल.

लॉन नको याचं दुसरं कारण तर दीरच तुम्हाला सांगतील. गवत म्हणून बऱ्याचदा हराळीचीच जात लावतात. काळ्या रानात हराळी एकदा सुटली की तिच्या मागं पिढी जाते. गणपतीला दूर्वा हव्यात तर एका फुटक्या घमेल्यात लावा. घरासमोर मुरूम चोपून अंगण करा. संध्याकाळी खाट टाकायला त्यापेक्षा चांगली जागा नाही. आणि कोनोकार्पस नकोच. झपाट्यानं वाढतो म्हणून खपवतात. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

बरं, आता झाडं. निवडताना जुलैतलं रूप बघू नका, मेमधलं बघा. पावसाळ्यात रोपवाटिकेत सगळंच देखणं असतं.

वीस गुंठ्यांची एकच बाग करायची, हे मनातून काढा. घरापासून वीस पावलं ही तुमची बाग. तिथं पाणी, हात आणि डोळा रोज पोचतो. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी जिथून वाहतं तिथं कर्दळ आणि अळू लावा. कर्दळीला चिखल चालतो, फुलं वर्षातले बरेच महिने असतात, दर दोन वर्षांनी गड्डे काढून विभागले की झालं. खिडकीशी मोगरा, पण एकटं-दुकटं रोप नको. सात-आठ एका ओळीत लावा, म्हणजे देवालाही होतो आणि गजऱ्यालाही. डिसेंबरात त्याचं पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, जानेवारीत छाटायचं, शेणखत घालून मग पाणी सुरू करायचं. ज्यांचा मोगरा नुसताच पाल्यानं माजतो ते ही विश्रांती देत नाहीत. पूर्वेला सकाळचं ऊन आणि दुपारी सावली असेल तिथं अबोली. निशिगंधाचे कांदे लावायला आत्ताच योग्य वेळ आहे. शेवंती दिवस लहान झाल्यावर कार्तिक-मार्गशीर्षात फुलते. फुलून गेली की बुडाशी फुटवे येतात, ते जानेवारी-फेब्रुवारीत वेगळे करून ठेवा, पुढची रोपं फुकट. जास्वंद लावा, पण साधा लाल, गावात कुणाच्याही अंगणात असतो तो. टेम्पोतून आलेले रंगीत संकरित नखरे करतात आणि पिठ्या ढेकणाला आधी बळी पडतात. तगर उरलीय असं तुम्ही लिहिलंय. मला आश्चर्य वाटलं नाही. पारिजातक एकच, दारापासून जरा दूर; फुलं पहाटे गोड वाटतात, पण उन्हाळ्यातली त्याची खरखरीत, निम्मी झडलेली पानं बघवत नाहीत.

रातराणीवर सासूबाईंचं ऐका, भांडणाइतकं ते झाड मोठं नाही. साप वासाला येत नाहीत. उंदीर, बेडूक आणि दाट पाल्याखालचा गारवा यांना येतात. म्हणून घराला लागून जमिनीपर्यंत लोंबणारं कुठलंच झुडूप ठेवू नका. बुंधा हातभर उघडा दिसला पाहिजे. लाकडाचे ढीग, विटांची चळत भिंतीपासून लांब. हे त्यांना सांगितलंत तर पुढच्या वर्षी कदाचित त्याच रातराणीची फांदी मागतील.

दुसरा पट्टा अंगणापासून पुढचा, पन्नास-साठ पावलांचा. इथं पहिली दोन वर्षं पाणी, नंतर जेमतेम. शंकासूर माझ्या पहिल्या पसंतीचा. लाल-पिवळा, बियांपासून येतो, पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलतो, आणि दर वर्षी गुडघ्याएवढा छाटला तरी रागावत नाही. पाच-पाच फुटांवर सहा-सात एकत्र लावा. त्याच्याशेजारी बोगनवेल. तिला पाणी जास्त झालं की नुसती पानं येतात, ताण पडला की रंग येतो. वैशाखात सगळं रान करपलेलं असताना ती पेटते, तेव्हा दिरांचंही तोंड बंद होईल. पांढरा चाफा एका कोपऱ्यात. पानं झडलेल्या बोडक्या फांद्यांवर फुलं येतात, ती मारुतीच्या पाराशेजारी तुम्ही लहानपणी पाहिली असतील. खाली कोरांटी, पिवळी आणि निळी दोन्ही. कोरांटीला कुणी विचारत नाही म्हणून रोपवाटिकेत मिळत नाही. जुन्या वाड्याच्या परसात शोधा आणि पावसाळ्यात फांदी मागून आणा. तिथंच कुंद दिसला तर तोही उचला, माघात पांढरा असा तोच असतो. अडुळसा हिरवागार राहतो आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. खेड्यात झुडूप निवडताना हा गुण फुलाच्या रंगाइतकाच मोलाचा.

कण्हेर. इथं थांबते जरा. रस्त्याच्या दुभाजकावर धूर आणि ऊन खात बारा महिने फुलणारं हे झुडूप तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे, आणि तरीही मी ते बिचकत सांगते. तिचा प्रत्येक भाग विषारी. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तीही तशीच. तिच्या बिया मुलं खेळायला घेतात. जनावर हिरवी कण्हेर सहसा टाळतं, पण वाळलेल्या पाल्यातली चव त्याला ओळखू येत नाही. काही वर्षांपूर्वी मी छाटणी करून फांद्या बांधावर टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची शेळी गेली. पैसे दिले, त्यांनी घेतलेही, पण वर्षभर त्या बाईंच्या नजरेला नजर देता आली नाही मला. तुमच्याकडं दोन गायी आणि सुट्टीतली नातवंडं. लावायचीच असेल तर गोठ्यापासून आणि खेळायच्या जागेपासून दूर, आणि छाटलेली प्रत्येक फांदी खड्ड्यात पुरायची. एवढं होणार नसेल तर नकोच, शंकासूर पुरे.

तिसरा पट्टा म्हणजे बांध आणि कड. इथं पहिल्या वर्षानंतर पाणी शून्य. तुमच्या गावाच्या वाटेवर पिवळ्या फुलांचं तरवड नक्की असेल. जनावरं खात नाहीत, मुरमात येतं, पूर्वी साल कातडी कमवायला न्यायचे. आपण त्याला तण समजतो. नांदेडच्या पलीकडं तेलंगणानं त्यालाच राज्यफूल केलंय आणि बतुकम्माच्या सणात त्याच्या फुलांचे थर रचतात. (आपलं राज्यफूल ताम्हण. सुरेख, पण ते कोकणातल्या ओढ्याकाठचं. औशाच्या माळावर बिनपाण्याचं लावून त्याचे हाल करू नका.) तरवडाच्या शेंगा वाळल्या की बी गोळा करा, गरम पाण्यात रात्रभर भिजवा, पाऊस पडल्यावर टोकून द्या. सोबत निर्गुडी, तिची फांदी खोचली तरी येते. कुंपणाला करवंद, काटेरी आणि कामाचं. पश्चिमेकडं सीताफळाची एक ओळ. बालाघाटाच्या डोंगरात ते कुणी न लावता वाढतं, पान गुरं खात नाहीत, बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्या ओळीवर दीर हरकत घेणार नाहीत, उलट पाटी घेऊन येतील.

उरलेली जागा? दिरांना द्या. खरंच. पहिली दोन-तीन वर्षं झुडपं लहान असतात आणि मधली मोकळी जमीन तुम्हाला टोचत राहते, मग तुम्ही पुन्हा टेम्पो बोलावता. त्याऐवजी झुडपांच्या पश्चिमेला तुरीच्या दोन ओळी पेरायला सांगा. पुरुषभर वाढते, वाऱ्याचा मार अडवते, पिवळी फुलते, डाळ घरात येते. काढणीनंतरच्या तुराट्या जपून ठेवा. मार्चमध्ये प्रत्येक कोवळ्या झुडपाच्या पश्चिमेला त्यांचा आडोसा रोवायचा. शेडनेटपेक्षा स्वस्त आणि वावटळीत उडत नाही.

लावायची रीत थोडक्यात. खड्डे आत्ताच काढा, दीड-दोन फुटांचे, आणि पाऊस येईपर्यंत उन्हात तापू द्या. भरताना निघालेलीच काळी माती, तिच्यात चौथा हिस्सा मुरूम, दोन पाट्या पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलंत तर हुमणी आणि वाळवी घरी बोलावल्यासारखं. खड्डा जमिनीबरोबर भरून थांबू नका, वर वीतभर उंच गादी करा आणि रोप त्या गादीवर लावा, म्हणजे पावसाळ्यात बुडणार नाही. पिशवी फाडल्यावर गोळा हातानं मोडा, वाटोळी मुळं सोडवा, दोन-चार तुटली तरी चालतील. हे करताना जीव खालीवर होतो, पण याचाच कंटाळा केला तर तुम्ही उकरलेल्या त्या अनंताची गोष्ट पुन्हा. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका. दोन-तीन दणदणीत पाऊस होऊन फूटभर ओल गेली की लावा. रोपं फूट-सव्वा फुटाचीच घ्या. पाच फुटी फुललेलं झाड पैसे जास्त खातं आणि मूळ उशिरा धरतं. सोयाबीनचं भुसकट खळ्यावर पडून असतंच, त्याचा चार बोटं थर बुंध्यापासून वीतभर सोडून पसरा. आच्छादनाखाली जमीन कमी भेगाळते, आणि मार्चमधली ती जीवघेणी फट पडायची वाचते.

आणि संख्या. साठ जातींची तीन-तीन रोपं आणू नका. तुम्ही १८० आणली होती, बहुतेक तशीच. नऊ-दहा जाती, प्रत्येकी पाच-सात, झुबक्यानं. मोठ्या जागेत एकेकटं झुडूप हरवल्यासारखं दिसतं; सात शंकासूर एकत्र फुलले की फाट्यावरून दिसतात. शिवाय तरवड, निर्गुडी, कोरांटी, मेंदी, चाफा, शंकासूर ही सगळी बी आणि फांदीवर भागतात. या वर्षीचा रोपांचा खर्च मोगरा, निशिगंध आणि बोगनवेल एवढाच राहील. वाचलेल्या पैशातून ठिबक करा.

पैठणच्या ज्ञानेश्वर उद्यानासारखी बाग मनात आहे, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. ती बाग जायकवाडीच्या भिंतीखाली आहे, ताई.

या आठवड्यात एक करा. ऊन उतरलं की रोज वेगळ्या रस्त्यानं गावात चक्कर मारा. शाळेचं कुंपण, पडक्या वाड्याचं परस, मसणवट्याकडची वाट, सगळीकडं. बिनपाण्याचं जे काही आत्ता हिरवं उभं आहे त्याचं नाव वहीत लिहा. नाव माहीत नसेल तर पान वहीत दाबा. सासूबाईंना सोबत नेलंत तर पान दाबायची वेळच येणार नाही, त्यांना सगळी नावं येत असतील. दहा दिवसांत तुमची यादी माझ्या यादीपेक्षा लांब होईल.

वाचलेल्या चाळिसांपैकी एकही उपटून हलवू नका, अगदी चुकीच्या जागी असलं तरी. त्यांच्याभोवती आधी भुसकट पसरा आणि आठवड्यातून दोनदा, पाइपनं नव्हे तर बारीक भोक पाडलेल्या मडक्यानं पाणी द्या. मडकं बुंध्यापासून हातभर लांब पुरायचं. कोणतं हलवायचं ते जुलैत बघू. तेव्हा वहीतली नावं मला कळवा.